कुंडीमागचा दयाळ

४ मार्च
विजूचा दहावा. धाकट्या भावाचा पिंड मी ठेवायचा, हे अजून डोक्यात बसत नाही. घाटावर पावणेदोन तास उभे. कावळे कुंपणावर ओळीने बसलेले, एकही खाली उतरला नाही. लोक सुचवत होते, मी मोठ्याने म्हणत होतो. आईला सांभाळीन. तुझी बाइक विकणार नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.
घरात पाऊल टाकताच आई खाटेवरून, "कावळो शिवलो काय रे?"
म्हटलं, हो, लगेच.
"काय सांगलंस तेका?"
"तुला सांभाळीन म्हणून."
आई भिंतीकडे तोंड करून निजली.

७ मार्च
तेरावं झालं. आईने गोडाचा घास तोंडाला लावून परत ठेवला. गेल्या तेरा दिवसांत पाणी, दोन-चार चमचे पेज, बस. डायबेटिसच्या गोळ्या मात्र वेळेवर मागते. आता डॉक्टरांनी त्याही बंद केल्या. म्हणाले, आठवडाभरात खायला लागल्या नाहीत तर अ‍ॅडमिट करा, आणि या वयात अ‍ॅडमिट म्हणजे
आणि चिठ्ठी लिहायला लागले. माझी बायको सुषमा जिन्यात रडली.

११ मार्च
स. ५.२०. चाळीसमोरच्या बदामावर कसला तरी पक्षी. लांब, स्वच्छ शीळ, दर वेळी वेगळी. आई उठून बसली. स्वतःहून.
"कोण तो शीळ घालता?"
अख्खा कप चहा, एक खारी. मी आणि सुषमा एकमेकांकडे न बघता उभे.
शेजारच्या खोलीतले कांबळेसर (शाळेत विज्ञान शिकवायचे, दुर्बीण बाळगतात) म्हणाले, "दयाळ. नर आहे. विणीचे दिवस आहेत, आता पावसाळ्यापर्यंत रोज गाईल."
पावसाळ्यापर्यंत. मनात महिने मोजले.

१४ मार्च
आईची खुर्ची उंबऱ्यात ठेवली. विजू दाढी करताना गॅलरीत उभा राहून शीळ घालायचा, अर्धा गाल तसाच. आज आई झाडाकडे बघून, "मेल्या, आधी दाढी पुरी कर."
सुषमा फिस्सकन हसली. सर त्यांच्या दारातून हसले. पलीकडची माणसंही पहाटे गॅलरीत येऊन उभी राहतात आता, नुसती, ब्रश तोंडात धरून. किती दिवसांनी मजल्यावर कुणी हसत होतं. मी आत जाऊन तोंड धुतलं.

१९ मार्च
अडचण अशी की तो वीस मिनिटं गातो आणि आई तेवढाच वेळ खाते. बाकी दिवसभर ताट तसंच. मोबाइलवर दयाळाचं गाणं मिळालं. संध्याकाळी फोन गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीमागे लपवून लावलं. दोन मिनिटांत खरा पक्षी समोरच्या तारेवर हजर, शेपटी उभी, छाती फुगलेली. दोघेही गाऊ लागले.
आईने भाकरी आणि कुळथाची पिठी, सगळं संपवलं. सुचलं म्हणून स्वतःवर खूश.

२२ मार्च
लावलं की येतोच. तासभर तारेवरून हलत नाही. काल आमच्या खिडकीच्या काचेवर चोच मारत होता.
सर दाराशी आले. "तुमच्याकडे संध्याकाळी रेकॉर्डिंग लावतं का कुणी?"
"नाही."
"कुणीतरी लावतंय. त्याला वाटतं, दुसरा नर जागेत शिरलाय. शोधतो, दिसत नाही. खाणंपिणं सोडून त्याच्याशी भांडतोय. असंच चाललं तर जागा सोडेल."
"आमच्याकडचं नाही, सर."
"बरं," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

२४ मार्च
दोन दिवस लावलं नाही. पण तोही गायला नाही. झाडावर मादी एकटीच, ढोलीच्या तोंडाशी येते, जाते.
आई उंबऱ्यात सात वाजेपर्यंत बसली. मग खाटेवर, भिंतीकडे तोंड. चहावर साय धरली.

२६ मार्च
आई कालही उपाशी. आज स. ५.२० ला फोन कुंडीमागे. आवाज बारीक ठेवला.
चहा घेतला. दोन खाऱ्या.
"आवाज बसलो हा तेचो," म्हणाली.

२९ मार्च
सर पहाटे दुर्बीण घेऊन बाहेर आले. झाडाकडे बघितलं. मग कुंडीकडे. मग आईकडे, ती बशीतला चहा फुंकत होती. आत गेले, कडी लावली. मी त्यांच्याकडे वरणाची वाटी घेऊन जायचं ठरवलं होतं. गेलो नाही.

२ एप्रिल
आई म्हणाली, "मधेच खोकता."
कोण?
"तोच. गाता गाता खोकता."
दुपारी बाजारात उभं राहून फोन कानाला लावून ऐकलं. खरंच आहे. अर्ध्यावर, लांबून, पुरुषाचा खोकला. ज्याने कुठल्या तरी बागेत रेकॉर्ड केलं त्याचा असेल. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही.
घरी आल्यावर आई सुषमाला सांगत होती, "विजूचोच खोकलो. माका कळता."

५ एप्रिल
दुसरं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, खोकला नसलेलं. आईने कप खाली ठेवला. "ह्यो तो न्हय." दिवसभर काही नाही.

६ एप्रिल
पुन्हा पहिलंच. खोकल्यापर्यंत ती घास हातात धरून थांबते. खोकला आला की जेवते. आता मीही थांबतो.

१० एप्रिल
डॉक्टर खूश. वजन दीड किलो वाढलं, रंग सुधारला. "काय जादू केलीत?" सुषमाने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून रिपोर्ट शोधत राहिलो.
आई आता स्वतः वेणी घालते. विजूचा टॉवेल धुवून गॅलरीत वाळत घातला.

१३ एप्रिल
जेवताना आई, "तेका पाणी कोण देता?"
म्हटलं, पक्षी आहे, मिळतं त्याला कुठेही.
"इतको खोकता तो. घसो सुकता तेचो. उद्या पहाटेक मीच वाटी ठेवतंय."
ठेव ना, कठड्यावर ठेव.
"कठड्यार कित्याक? तो थयच बसता, कुंडयेच्या मागे. माका ठावक आसा."
सुषमाचा हात ताटातच राहिला. आईने शांतपणे भात कालवला, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मग उठून विजूची स्टीलची वाटी घासली, पुसली, उशाशी ठेवली.
फोन चार्जिंगला लावला आहे. पाचचा गजर. फोन उद्या कुंडीमागे ठेवायचा की