भिलाडला न पोचलेली चिकूची वाइन

रविवार, संध्याकाळ

डहाणूच्या वाइन शॉपमध्ये इथल्याच चिकूची वाइन मिळाली. मालकाने घोटभर चाखायला दिली आणि बाबांची वाडी आठवली. वाडी विकली तेव्हापासून धाकटी बहीण लीना रागाने माहेरी फिरकलेली नाही. म्हटलं, भिलाडला तिच्या घरीच बाटली नेऊ.

तलासरीपुढे ड्रायव्हर सुरेशला बाटलीचं सांगितलं, तर त्याने गाडी कडेला घेतली.

"बाई, पुढे गुजरात. दारूबंदी. तुम्ही सुटाल, माझी गाडी जप्त होईल."

समोर पोलीस डिक्या उघडून बघत होते. बाटली पायाशी, मनात शाळेतली 'अवर फादर' प्रार्थना. जन्म सीमेवर गेला, तरी दारूबंदी कशी विसरले? माझ्या लेखी ते चिकूच होते.

लीनाला फोन केला, बाटली पलीकडे येत नाही, तूच इकडे ये. वाटलं, फोन ठेवते की काय? शेवटी रिक्षाने आली, उतरली ती भांडतच.

"असं फसवून माहेरी नेतेस होय गं?"

आणि गाडीत बसली.