डाव्या काचेवरचा डाग

४ मार्च २००३
शिरूरच्या बाजारात गॉगल घेतला. विकणाऱ्याने एक कागद पुढे धरला. नुसत्या डोळ्यांना राखाडी, गॉगलमधून त्यात मासा दिसतो. "पोलराइड हाय, आबा." आबा म्हणण्याएवढा मी म्हातारा नाही. पण मासा दिसला, घेतला.

५ मार्च
दुधाचा टेम्पो, न्हावरे ते राहू. भर दुपारी डांबर चमकलं नाही, डोकं दुखलं नाही. बावीस वर्षं उगाच सोसलं. राहूच्या डेअरीत सगळे लागले मागे, "ऑपरेशन झालं का पिच्चरमधी घेतलं?" बोलू देत.

१९ मार्च
न्हावऱ्याच्या दूध संस्थेत फॅटच्या मशीनवर आकडाच नाही, सगळं काळं. सेक्रेटरीवर उखडलो. तो थंडपणे, "आधी गॉगल काढा." काढला. आकडा होता. वर चहा त्यानेच पाजला.

११ मे
गॉगलच्या दांडीचा स्क्रू पडला. बायकोने, कमलने, तार ओवून दिली. काचेचा वरचा थर कडेने सुटतोय. स्वस्तातला आहे, चालायचंच.

२ ऑगस्ट
डाव्या काचेवर धुरकट डाग. साबणाने धुतली, जात नाही. पुढच्या महिन्यात लायसन संपतंय. डॉक्टरचा दाखला लागेल, डोळे तपासून.

९ ऑगस्ट
चौफुल्याच्या अलीकडे डावीकडून मेंढरू आलं, दिसलंच नाही. जेमतेम ब्रेक लागला. कॅन आदळले. मेंढका ओरडला, "काळी काच लावून आंधळा झाला व्हय!" काचेमुळेच झालं.

१० ऑगस्ट
कमलला म्हटलं, नवा आणतो. ती म्हणाली, "आधी उलटा घालून बघा. डावी काच उजव्या डोळ्यावर जाईल. डाग कुठं जातोय ते कळंल."
घातला. डाग डावीकडेच.
गॉगल काढला. तरी
"काय दिसलं?"
"काच गेलीय."
खोटं बोललो. फार भीती वाटली.

१२ ऑगस्ट
नवा आणला, तसलाच. सकाळी निघताना कमलने मागून घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर लावला, अंगणभर बघितलं.
"मला तर समदं सोच्छ दिसतंय."
मग तोंड माझ्याकडे वळवलं. गॉगल तिच्याच डोळ्यांवर, त्यामुळे ती कशी बघत होती ते कळलं नाही.
टेम्पोची किल्ली खिळ्यावर होती. ती तिने काढून कमरेला खोचली. "डाक्टरकडं यष्टीनं जाऊ," म्हणाली.
मी चप्पल घालून तसाच उंबऱ्यात उभा. राहूला जायचं दूध थांबलं असेल.