बाभळीची साल

बाबा, आज दुपारी पुन्हा तो वास आला. स्वयंपाकघर रिकामं, गॅस बंद, आणि तरी ओट्यापाशी तोच ओला, कोमट वास. मी खिडकी उघडली नाही. तुम्ही उंबऱ्यावर उभे असाल आणि वारा आला की निघून जाल, असं उगाच वाटलं. औषधशास्त्र शिकवणारी बाई हे लिहिते आहे म्हणून हसू नका.

कुडव्याच्या याच घरात माझं एम.फार्मचं शेवटचं वर्ष चाललं होतं. जिलेटिनचे मोहरीहून बारीक दाणे करायचे आणि त्यांत औषध कोंडायचं, म्हणजे माणसानं सकाळी एकदा घेतलं की ते दिवसभर थोडंथोडं सुटत राहील, हा माझा विषय. गरम तेलात माझे दाणे छान गोल व्हायचे, पण अंगाइतक्या कोमट पाण्यात टाकले की दहा मिनिटांत विरघळून जायचे. त्यांना घट्ट करणारं नेहमीचं रसायन माझ्या मार्गदर्शक सरांना नको होतं. "हे पोटात जाणार आहे. दुसरं काही शोध, नाहीतर विषय बदल," म्हणाले. विषय बदलणं म्हणजे आणखी एक वर्ष, आणि राइस मिलमधलं तुमचं काम तेव्हा नुकतंच सुटलं होतं. रडकुंडीला आले होते मी.

कॉलेजात दुपारी लोडशेडिंग असे, म्हणून एके दिवशी मी घरीच जिलेटिनचं पातेलं गॅसवर ठेवलं होतं. तुम्ही बाहेरून येता आणि दारातच थांबता. नाक वर करून वास घेता.

"हाडं कायले शिजवून राहिली?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. जिलेटिन हाडांपासून, कातड्यापासून निघतं हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आपल्या घरात तो विषयच निघत नसे. आजोबांनी दीक्षा घेतली, मेलेली गुरं ओढणं आणि कातडी कमावणं त्याच दिवशी सोडलं, अंगणातलं कातडी भिजवायचं कुंड मातीनं बुजवलं, आणि तुम्ही तेव्हा लहान होता. एवढंच मला आईकडून कळलेलं. तुम्ही आत आलात. वाटीतला एक दाणा दोन बोटांत चोळलात.

"कच्चं आहे हे. पाण्यात टिकत नाही. बाभळीची साल लागते याले."

तो आवाज तुमचा नव्हता, बाबा. घोगरा, फार म्हाताऱ्या माणसाचा होता. तुम्हीही दचकलात. मोरीत जाऊन साबणानं तीनदा हात धुतलेत आणि मग तुमच्याच आवाजात म्हणालात, "आमच्या बापानं हात धुतले या कामाचे. तू काऊन बुडवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी सालीची जुडी पडलेली होती, ओली, नुकती सोललेली.

"बाबा, साल तुमी आणली काय?"

"म्या नाही आणली."

आई म्हणाली, रात्रीपासून यांच्या अंगात ताप आहे, खाटेवरून उठलेच नाहीत. मी कोपऱ्यातली कुऱ्हाड पाहून आले. तिच्यावर धूळ होती. ती साल कुणी आणली, ते मला आजही ठाऊक नाही.

भीत भीत मी साल उकळली आणि त्या काढ्यात दाणे टाकले. ते तपकिरी झाले. मग कोमट पाण्यात ठेवून समोर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत एकही विरघळला नाही. कॉलेजात सालीतलंच टॅनिन, ज्यानं कातडं कमावतात ते, बाटलीतून घेऊन पुन्हा केलं, आणि जमलं. सरांनी खूश होऊन विचारलं, "तुला हे सुचलं कुठून?"

"वाचलं होतं, सर."

त्यानंतर तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीत. चार वर्षं, अगदी जाईपर्यंत, तुमचं ताट ओसरीवर. मी किती विनवलं. "इथं बरी हवा लागते," एवढंच म्हणायचात. आल्यागेल्याला मात्र कौतुकानं सांगायचात, "पोरगी औषध बनवते."

त्या पहिल्या दाण्यांतले मूठभर अजून बरणीत आहेत, त्याच पाण्यात. इतक्या वर्षांत सडून जायला हवे होते. गेल्या महिन्यापर्यंत पाणी स्वच्छ होतं. आज वास आल्यावर बरणी उजेडात धरली, तर तळाशी तपकिरी रंग उतरू लागलेला. कोंडलेलं काहीतरी आत्ता कुठे सुटतं आहे.

हे पत्र त्या बरणीखाली ठेवते, दुसरं कुठे पाठवणार? माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर सरांचे आभार आहेत, लॅबमधल्या शिपाईकाकांचे आहेत, आईवडिलांच्या आशीर्वादाचेही आहेत. सालीचं मात्र लिहिलं नाही. ते लिहिलं असतं, तर तुम्हाला ते कसं ठाऊक होतं, हेही लिहावं लागलं असतं. बाबा, मला तुमची लाज वाटली होती.