करंजाखाली झालेल्या चौथीच्या वर्षाबाबत

प्रति,
मे. मोहतमीम साहेब,
शाळाखाते, जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : जैनोद्दीन वल्द मखदूमसाब, मुख्य मास्तर, मराठी शाळा, मौजे बोरसांगवी, लोहाऱ्याकडील भाग.

विषय : प्लेगच्या साली भरलेली शाळा "भरलीच नाही" असे ठरवून चौथीचे वर्ष रद्द केल्याबद्दल, तसेच नायब साहेबांस गावात अडकवून ठेवल्याच्या आरोपाचा खुलासा.

संदर्भ : आपल्या कचेरीची नोटीस.

महोदय,

१. नोटिशीत अर्जदारास दोन गोष्टींचा जाब विचारला आहे. शाळेस कुलूप असताना चौथीचा वर्ग चालला असे सांगितलेच कसे, आणि तपासणीस आलेल्या सरकारी अंमलदारास, म्हणजे आपल्या कचेरीच्या नायब साहेबांस, दुपारपासून दिवे लागेपर्यंत गावाबाहेर का पडू दिले नाही. दोन्हींचे उत्तर एकच आहे, पण ते नायब साहेबांनी मागितल्याप्रमाणे 'होय' किंवा 'नाही' एवढ्यात मावत नाही. सबब घडले तसे लिहिले आहे. नोटीस काढण्यास जेवढी सवड मिळाली, तेवढी हे वाचण्यासही मिळावी.

२. दिवाळी सरली आणि बोरसांगवीत उंदीर पडू लागले. पहिले पडले ते कल्याणप्पा आडत्यांच्या वखारीत. आठवडा उलटायच्या आत वखारीतला हमाल गाठीच्या तापाने गेला, मग त्याची आई गेली. तहसिलीतून दवंडी आली की गाव खाली करा. लोकांनी ओढ्यापलीकडच्या माळावर कडब्याच्या कोप्या घातल्या. पोलीस पाटलांनी घरोघर कुलुपे घालून घेतली, त्यात शाळेलाही घातले. शाळेची खोली कल्याणप्पांच्या मालकीची, म्हणून किल्ली त्यांच्या कमरेला गेली. म्हणजे कुलूप सरकारच्या हुकुमाने लागले. नायब साहेबांनी आपल्या अहवालात कुलूप तेवढे लिहिले. हुकूम लिहायला त्यांच्या लेखणीत शाई उरली नसावी.

३. अर्जदारही कुटुंबासह माळावरच होता. पहिले काही दिवस त्याने शाळेचे नाव काढले नाही, हे खरे आहे. रोज कुणाचे तरी रडणे कानी येत असताना पाढे कसे म्हणवावेत, हे त्यास कळेना. एका सकाळी त्याची बायको बिस्मिल्लाबी ओढ्यावरून पाणी घेऊन आली आणि घागर खाली ठेवायच्या आधीच बोलली, "पोरं मेलेले उंदीर काठीला टांगून पळत्यात. एकमेकांच्या अंगावर फेकत्यात. तुमी मास्तर हाव का न्हाय?" अर्जदार उठला, पोरांच्या हातातल्या काठ्या हिसकावून घेतल्या आणि सगळ्यांना ओढ्याकाठच्या करंजाखाली नेऊन बसवले. शाळा तेथून सुरू झाली. खात्याची परवानगी घेतली नव्हती. परवानगी देणारे अंमलदार त्या दिवसांत गावाच्या वाटेलाही फिरकत नव्हते.

४. चौथीत इरम्मा नावाची मुलगी होती, पानमळेवाले गुरुसिद्धप्पा यांची थोरली. ही मुलगी भांडखोर होती, हे अर्जदार लपवत नाही. फळ्यावरच्या गणितात मास्तर चुकले तर हात वर न करताच ओरडायची. गुरुसिद्धप्पा तिला माळावर शाळेत पाठवायला तयार नव्हते. अर्जदार त्यांच्या कोपीवर गेला तेव्हा ते म्हणाले, "पोरं जगत्यात का बघा आदी, मास्तर. वाचून कुणाला दावायचं?" त्यावर इरम्मा आतूनच बोलली, "अप्पा, हितं बसून तरी काय करू? मरायची वाट बगू?" बापाने तिला दरडावले, पण दुसऱ्या दिवशी ती आली. धाकट्या शिवम्माला काखेत मारून आली. शिवम्मा बिगरीत बसण्याच्याही वयाची नव्हती. ती करंजाच्या शेंगा गोळा करायची आणि थोरलीच्या मागोमाग कविता म्हणायची.

५. पुढे सरकारी डॉक्टर लस टोचायला आले. सुईनेच माणसे मरतात असे लोक बोलत, आणि डॉक्टरांची गाडी दिसली की अख्खा माळ तुरीच्या रानात गडप व्हायचा. अर्जदाराने मुलांसमोर सदरा काढून पहिली सुई आपल्या दंडात घेतली. दंड सुजला, दोन दिवस अंगात कणकण राहिली. फळ्यावर डाव्या हाताने लिहावे लागले आणि मुले त्या अक्षराला हसली. हसल्यानंतर बरीचशी मुले टोचून घ्यायला तयार झाली. त्यांच्या मागून त्यांच्या आया आल्या. ही टोचणी करंजाखालच्या शाळेत झाली. नायब साहेबांच्या मते जी शाळा नव्हती, तिच्यात. गुरुसिद्धप्पांनी मात्र आपल्या मुलींना येऊ दिले नाही.

६. पौषात इरम्मा शाळेतून उठून बिस्मिल्लाबीकडे गेली आणि जांघेत दुखते म्हणाली. बिस्मिल्लाबीने हात लावून पाहिले आणि अर्जदाराकडे नुसते बघितले. अर्जदाराने मुलांना लांबच्या बांधावर नेऊन बसवले आणि तो स्वतः गुरुसिद्धप्पांना बोलवायला धावला. मुलगी वाचली नाही. याउपर त्याबद्दल लिहिण्याचे कारण नाही.

तिला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी गुरुसिद्धप्पा शिवम्माला खांद्यावर घेऊन करंजाखाली आले. डोक्याला पटका नव्हता. म्हणाले, "हिला बसवा. कोपीत रडती, आन् ती रडली की मला तितं थांबवत न्हाय." मग जाता जाता थांबून म्हणाले, "डागदर फिरून कवा येनार? हिला टोचायची हाय." अर्जदाराने त्या दिवशी कोणता धडा शिकवला हे त्याला आठवत नाही. पण शाळा भरली होती.

७. होळीच्या सुमारास ताप हटला आणि लोक घरी परतले. शाळेची खोली मात्र मिळाली नाही. कल्याणप्पांनी तीत करडईची पोती रचली होती. "भाव येऊ द्या, मग बघू," असे ते रोज सांगत. सबब शाळा करंजाखालीच चालू राहिली. चौथीची परीक्षा तोंडावर आली होती. चौथी झाली तरच पुढची शाळा, नाहीतर घरी. पोरांच्या बापांनी आधीच सांगून ठेवले होते की आणखी एक वर्ष आम्ही थांबणार नाही. चाँदपाशा पिंजारी यांनी तर आपल्या मुलीचे लग्न "चौथीच्या निकालापुरते" लांबवले होते. मुलगी पास झाली तर तालुक्यास आत्याकडे शिकायला, नापास झाली तर सासरी.

८. अशा वेळी नायब साहेब बैलांच्या दमणीतून तपासणीस आले. प्रथम कल्याणप्पांच्या ओसरीवर चहा झाला. मग त्यांनी कुलूप पाहिले आणि कल्याणप्पांना विचारले की शाळा कधीपासून बंद आहे. कल्याणप्पा म्हणाले, "दिवाळीपासनं, साहेब." करडईचा शब्द त्यांनी काढला नाही. अर्जदार मुलांना रांगेत घेऊन तिथे गेला आणि मुले तपासावीत अशी विनंती केली. नायब साहेब मुलांकडे न बघता म्हणाले, "झाड के नीचे मदरसा नै होता, मास्तर. झाड के नीचे बंदर होते." मुले हसली नाहीत. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या हुकूम लिहिला : शाळा वर्षभर बंद, चौथी रद्द, मुलांनी पुन्हा चौथीत बसावे.

९. आता अडकवून ठेवल्याच्या आरोपाबद्दल. साहेब निघायला उठले तेव्हा दमणीला बैल नव्हते. गाडीवान हनीफ यांना विचारले असता ते म्हणाले, "चरायला गेलेत साहेब, भुकेजले व्हते." बैल कुणी सोडले हे अर्जदारास माहीत नाही आणि त्याने विचारलेही नाही. साहेब पायी निघाले, तर वेशीत बाया बसल्या होत्या. पुढे इरम्माची आई गंगम्मा होती आणि तिच्या शेजारी चाँदपाशांची म्हातारी आई लालबी. कुणी साहेबांना हात लावला नाही, कुणी वावगा शब्द उच्चारला नाही. लालबी एवढेच म्हणाली, "पोरांना इचारा. येत नसंल तर नापास करा, आमी रडनार न्हाय. पन न इचारता जाऊ नका." साहेब म्हणाले, कागद नाहीत. गंगम्मा म्हणाली, "तोंड हाय न्हवं का?"

साहेबांनी अर्जदाराला दरडावले की या बायांना उठव. अर्जदाराने त्यांना उठवले नाही. या एका गोष्टीचा गुन्हा कबूल आहे.

१०. मग तोंडी परीक्षा झाली. वेशीजवळच्या पारावर साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिले, वारा घालायला माणूस दिला. त्यांनी रागाने अवघड प्रश्न काढायला सुरुवात केली. व्याजाची गणिते विचारली, उर्दूचे पुस्तक मधूनच उघडून वाचायला लावले, रियासतीचे जिल्हे उलट क्रमाने म्हणायला सांगितले. चाँदपाशांच्या मुलीने जिल्हे उलट म्हटले, आणि साहेब गप्प आहेत असे बघून पुन्हा सुलट म्हटले. तीन मुलांना आले नाही. त्यांना साहेबांनी नापास केले. त्या तिघांच्या घरच्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतले. नोटिशीत ज्याला "दंगेखोर जमाव" म्हटले आहे, तो हाच.

शेवटचे मूल झाले. बाया उठू लागल्या. तेवढ्यात गर्दीतून गुरुसिद्धप्पा पुढे आले आणि साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "माझ्या पोरीचं राहिलं."

साहेबांनी विचारले, कुठे आहे ती. कुणीतरी सांगितले. साहेब चिडून म्हणाले की मेलेल्या मुलीची परीक्षा कशी घेणार, हा काय तमाशा आहे. गुरुसिद्धप्पा हलले नाहीत. त्यांनी हात जोडलेले होते, पण ते विनवीत होते असे अर्जदारास वाटले नाही. "एकच इचारा," ते म्हणाले. "सगळ्यास्नी इचारलं. तिला एक इचारा." गंगम्माने पदर तोंडात धरला होता.

मग साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून विचारले, "मांजरा नदी कोणत्या नदीला मिळते?"

पारावरच्या प्रत्येक मुलाला याचे उत्तर येत होते. बोलण्याची घाई असलेली मुले होती ती. त्यातल्या एकानेही तोंड उघडले नाही.

गुरुसिद्धप्पा म्हणाले, "तिला येत व्हतं." आणि बाजूला झाले.

हनीफ यांनी त्यानंतर बैल जुंपले.

११. साहेब गेले तेव्हा त्यांचा राग गेला असे गावास वाटले होते. तो उस्मानाबादेस पोहोचेपर्यंत परत आला असावा. कारण नोटिशीत परीक्षेचा उल्लेख नाही, बैलांचा आहे. मुलांच्या उत्तरांचा नाही, बायांचा आहे. ज्या साहेबांनी स्वतःच्या तोंडाने तिघांना नापास केले, तेच आता परीक्षा झालीच नाही म्हणतात. मग ते तिघे नापास कशात झाले, याचा खुलासा अर्जदाराने करायचा की त्यांनी?

१२. तरी मागणे असे की, चौथीचे वर्ष मंजूर व्हावे. तालुक्याच्या शाळेचे मुख्य मास्तर मुलांना स्वतः पारखून बसवून घेण्यास तयार आहेत. त्यांना केवळ आपला हुकूम हवा आहे. हुकूम उन्हाळा सरायच्या आत न आल्यास मुले, त्यांचे बाप आणि वेशीत बसल्या होत्या त्या बाया आपल्या कचेरीसमोर येऊन बसतील, असे गावात ठरले आहे. हा धाक नव्हे, आगाऊ दिलेली वर्दी आहे.

१३. राहिलेली एक बाब आपल्या कानी इतर कुणाकडून येण्यापूर्वी अर्जदारच कळवतो. गेल्या शुक्रवारी त्याने करंजाखाली चौथीचा निकाल सर्वांसमोर वाचला. त्यात इरम्मा गुरुसिद्धप्पा हे नावही वाचले, आणि पास म्हणून वाचले. हे कोणत्याच नियमात बसत नाही. अर्जदारास ते वाचण्याआधी ठाऊक होते आणि वाचतानाही ठाऊक होते. शिक्षा करणे असल्यास त्याबद्दल खुशाल करावी. दुसऱ्या कशाबद्दल केल्यास अर्जदारास ती मान्य नाही.

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा, माफी न मागणारा,
आपला नम्र
जैनोद्दीन वल्द मखदूमसाब
मुख्य मास्तर, मौजे बोरसांगवी
माहे खुर्दाद, सन १३५३ फसली

सोबत : काही जोडलेले नाही. मुले गावातच आहेत, केव्हाही येऊन विचारावे.