दोन डिस्क, एक व्हॉल्यूम

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उद्या नक्की पोचेल ना, असं कुरिअरवाल्याला तीनदा विचारून झालंय. वेगळा फोटो स्टुडिओ काढायचा म्हणून तू भांडलास आणि आपल्या कॉम्प्युटरमधून तुझी हार्ड डिस्क काढून घेऊन गेलास. ती तुझीच, मान्य. पण हात जोडतो, तिला काही करू नकोस. कॉम्प्युटर पार्टिशनचं, म्हणजे तिचे भाग पाडायचं, विचारेल, नाही म्हण.

जागा पुरेना तेव्हा मी दोन्ही डिस्क जोडून एकच मोठा व्हॉल्यूम, म्हणजे साठवायची एकच सलग जागा, केला होता. एक भरली की फोटो दुसरीवर जातात. आता एक नाही, तर माझीही उघडत नाही. शिंपीणबाईंच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. लग्नात हसत उभे असलेले बाईंचे यजमान गेल्या आठवड्यात वारले. बाई रोज येऊन बसतात. मी चहा देतो आणि फोटो तयार होतायत म्हणून खोटं बोलतो. घास उतरत नाही रे.

वहिनीला नमस्कार. राग ठेव, पण दोन ओळी लिही.

तुझा,
भोपळ्या

५ मार्च

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी डिस्क लावूनच बसलो होतो. तिच्यावर काहीच दिसेना. वाटलं, तूच रागाने सगळं पुसलंस. डोकं सणकलं. पुसलीच आहे, तर तिचे तीन भाग करू म्हटलं: एक कामाला, एक घराला, एक पोरीच्या खेळांना. शेवटचं 'होय' दाबायचं तेवढं राहिलं होतं. तुझी वहिनी म्हणाली, आधी पत्र वाचा.

इथल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. तो म्हणतो, मिरर व्हॉल्यूम करता आला असता, दोन्ही डिस्कवर तेच ते. मग तू तो का नाही केलास? आणि मला का नाही विचारलंस? शनिवारी डिस्क मांडीवर घेऊन येतो. भांडण मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

जेवत जा, गाढवा.

दादा

१० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचलास ना? तू डिस्क जोडलीस आणि सगळं उघडलं, तेव्हा मी आधी बाईंचेच फोटो शोधले. काल बाई फोटो घेऊन गेल्या. त्याआधी कॉम्प्युटरवर यजमानांचा तेवढा पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होत्या.

तुझ्या प्रश्नाला शनिवारी मी म्हटलं, मिररमध्ये जागा निम्मीच मिळते. ते खरंच आहे. पण दुसरंही एक होतं, ते तुझ्या तोंडावर सांगवलं नाही. मिरर केला असता, तर तू कधीही तुझी डिस्क उचलून गेला असतास आणि दोघांचंही काही अडलं नसतं. मला त्याचीच भीती वाटायची, दादा.

आता दोन मोठ्या डिस्क आणून मिरर केलाय. त्यातली एक सोबत पाठवतोय, तिच्यावर सगळं आहे. तुला इथे यायचं काही कारण उरलं नाही.

तरी ये.

तुझा,
भोपळ्या