खांबातले बाबा

बाबा, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही घरातले देव पोत्यात बांधून नदीत सोडले, पण गावाने तुमच्यातला नरसिंह काही सोडला नाही. मंगरूळपीरकडच्या आपल्या गावात वैशाखात दंडारीचा खेळ व्हायचा, आणि प्रल्हादाच्या खेळात तुमच्यासारखा नरसिंह कोणालाच जमला नव्हता. तुम्ही थांबल्यावर दुसरे उभे राहिले. ते आरोळ्या ठोकायचे आणि लोक हसायचे. मग तो दुष्काळ आला. वस्तीची विहीर आटली, पाणी उरलं फक्त पाटलाच्या विहिरीला. पाटील ओट्यावरून म्हणाला, "देव कोपला हाये. औंदा नरसिंह तूच करशीन, नाई तं उद्यापासून तुमच्या बाया विहिरीवर दिसाले नाई पाह्यजेत." मी नुकतीच मॅट्रिक झालेली, तोंड फार चालायचं. घरी आल्यावर तुमच्याशी भांडले. "आपन देव मानत नाई, मंग तुमी काहून जाता?" तुम्ही खाली बघत म्हणालात, "वस्ती तहानेली हाये, बाई."

बांबूचा सांगाडा, वरून चिकटवलेला कागद, असा तो खांब. खेळ सुरू व्हायच्या आधीच तुम्ही आत शिरलात. ऊन अजून उतरलं नव्हतं, आत वारा नव्हता. मी बायकांत, खांबाच्या बाजूलाच बसले होते. मला तुमचा श्वास ऐकू येत होता. राक्षसाने लाथ मारल्याशिवाय तुम्हाला बाहेर येता येणार नव्हतं. दिवेलागणीला लाथ बसते. कागद फाटतो. तुम्ही ओरडत नाही, हलतही नाही, नुसते पाहता. राक्षस झालेला माणूस आपलं बोलणं विसरतो आणि मागे सरतो, मग पुढची रांग सरते, मग खुर्चीवरचा पाटील. माझेही हात जोडले जातात, आणि तुम्ही ते पाहता.

घरी तोंड धुताना तुम्ही विचारलंत, "तू काहून हात जोडले?"

"भेव वाटलं."

"मलेही आतमंदी भेव वाटून राह्यलं होतं."

"कायचं?"

"लोकायचं. एवढं चांगलं कराले नव्हतं पाह्यजे."

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस कोसळला, आणि तुमच्या सुटकेची वाट बंद झाली. ज्यांच्या घरी तुमच्यासाठी कप वेगळा असायचा, ते रस्त्यात तुमच्या पाया पडायला लागले. कप वेगळाच राहिला. वाशीमला मला नोकरी लागली तेव्हा मी तुम्हाला न्यायला आले, तर म्हणालात, "मी गेलो अन् पानी नाई आलं, तं कोनाच्या नावानं बोंबलतीन हे? वस्तीच्याच ना?" दर वैशाखात तुम्ही त्या खांबात उभे राहिलात. गुडघे गेल्यावर दोघांनी धरून तुम्हाला आत उभं केलं. तिथेच, त्या गावात, तुम्ही गेलात.

हे पत्र टाकू कुठे? तुम्हाला तर अक्षरही येत नव्हतं. मी दर वेळी 'सोडा आता' म्हणत राहिले, हे खरं. पण आईला भेटायला म्हणून नेमकी खेळाच्या दिवशीच एस.टी.ने यायची, ते आईसाठी नव्हतं, बाबा. तुम्हाला देव झालेलं बघायला यायची.