कच्च्या सुताची गाठ

बापू,

मी, तुमचा थोरला मुलगा, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा मासेमारी, हुद्दा अध्यक्ष, गावची मच्छीमार सहकारी संस्था, राहणार पैनगंगेकाठी, इस्लापूरच्या खालच्या अंगाला, जिल्हा नांदेड, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की, खालील मजकूर खरा आहे. नाव लिहीत नाही. ते तुम्हीच ठेवलेले आहे आणि तुमचीच वस्तू तुम्हाला पुन्हा दाखवणे बरे दिसत नाही. तहसिलीत एकदा जबानी देताना कारकुनाने मला हा मजकूर शिकवला होता. अशी सुरुवात केली म्हणजे कागदाला वजन येते, असे तो म्हणाला होता. तुम्हाला वाचता येत नव्हते, पण कागद वजनदार आहे की नाही हे तुम्ही नुसते हातात धरून ओळखत होता, म्हणून तीच रीत धरली आहे.

तुम्हाला कळवण्याजोगी गोष्ट अशी की आपला डोह अजून आपल्याकडे आहे. मध्यंतरी तो जाण्याच्या बेतात होता. तुम्ही गेल्यानंतर झिंगे धरायच्या पिंजऱ्यांचा बांबू तोच राहिला, पण बांधायला नायलॉन आला. नायलॉन कुजत नाही, झिजत नाही आणि धरलेले सोडत नाही. आम्ही पिंजऱ्यात करडीच्या पेंडीचा गोळा ठेवतो, त्याच्या वासाने झिंगे आत जातात आणि झिंग्यांच्या मागे मऊ पाठीचे कासव जाते. तोंडाच्या निमुळत्या काड्यांतून ते आत घुसते, पण बाहेर पडू शकत नाही. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी पिंजरा उचलावा तर ते आत मेलेले असते. तुमच्या काळी पिंजरे थोडे होते आणि कासवे पुष्कळ होती. आता ते उलटे झाले आहे. गेल्या उन्हाळ्यात तालुक्याहून मत्स्य खात्याचे साहेब आले, काठावर टाकलेली कासवे त्यांनी पाहिली आणि आवाज न चढवता सांगितले, की येत्या पावसाळ्यापर्यंत हे थांबले नाही तर डोहात पिंजरा टाकायला बंदी होईल. उपाय सापडलाच तर तो संस्थेतल्या प्रत्येकाने पाळला पाहिजे. एकाने जरी मोडला तरी डोह सगळ्यांना बंद. बापू, काठावरच्या सगळ्या घरांची चूल त्या डोहावर आहे, आणि डोह बंद झाला तो अमक्याच्या मुलाच्या अध्यक्षपणात, असे लोक म्हणाले असते. तो अमका म्हणजे तुम्ही.

साहेबांनीच मग लातूरहून एक मुलगी पाठवली. नदीतल्या जीवांवर तिचे शिक्षण चालू आहे. तिच्या वडिलांचे लातूरला गादीघर आहे आणि तिचे आजोबा कापूस पिंजत असत. मुसलमानाची मुलगी, डोक्यावर ओढणी आणि पायांत गमबूट. आल्या दिवशी तिने मला सलाम केला आणि म्हणाली, “आजोबा, मला आधी पिंजरा बांधायला शिकवा. बाकीचं नंतर बोलू.” मला हे पसंत पडले. चार दिवस तिने माझ्याबरोबर अंगणात बसून बांबूच्या काड्या सोलल्या, बोटे कापून घेतली आणि तक्रार केली नाही. तुमच्या सुनेने तिच्या बोटांना हळद लावता लावता मला ऐकवले, “ही पोरगी तुमच्या दोन्ही पोरांपेक्षा लवकर शिकली.” ते खरे होते.

पाचव्या दिवशी तिने मोबाइलवर मला समुद्र दाखवला. पार दुसऱ्या देशातला, थंड मुलखातला. तिथले कोळी शेवंड धरतात. शेवंड म्हणजे आपल्या झिंग्याचा फार थोरला भाऊ, असे समजा. त्यांचेही पिंजरेच असतात, फक्त ते तळाशी ठेवलेले असतात आणि पिंजऱ्यापासून पाण्यावरच्या तरंगत्या खुणेपर्यंत उभी दोरी असते. त्या दोरीत देवमासा अडकतो. आपल्या तालुक्याच्या बसस्थानकाएवढे जनावर, बापू, आणि अंगठ्याएवढ्या दोरीने बांधलेले. ती ओढत ओढत ते महिनोन्‌महिने फिरते आणि शेवटी मरते. म्हणून आता तिथे दोरीत मुद्दाम एक कच्चा जोड ठेवून पाहतात. पिंजरा उचलताना तो टिकला पाहिजे आणि देवमाशाने हिसका दिला तर तुटला पाहिजे. काही ठिकाणी तर दोरीच ठेवत नाहीत. वेळ झाली की पिंजरा खालून आपली खूण आपणच वर सोडतो. बोटीबोटींवर याच्या चाचण्या चालू आहेत. मी तो देवमासा दोनदा पाहिला. मग विचारले, “त्या कोळ्यांना हे पटलं का?”

“सगळ्यांना न्हाई पटलं,” ती म्हणाली. “काही म्हणतात, पिंजराच हातचा गेला तर? म्हणून तर करून बघायचं. त्यांनीच करायचं, आपण नुसतं लिहून ठेवायचं.”

तिचा बेत साधा होता. पिंजऱ्याचे मागचे तोंड, ज्यातून आपण झिंगे ओततो, ते नायलॉनने न बांधता कच्च्या सुताने बांधायचे. झिंग्यात ते तोडण्याचे बळ नसते. कासवाने पंजा मारून रेटा दिला की गाठ तुटते, तोंड उघडते आणि ते निघून जाते. सूत तिने घरूनच आणले होते, गादी टाचायचे. निम्मे पिंजरे जुन्या रीतीने, निम्मे नव्या रीतीने, एकाच पाण्यात, शेजारी शेजारी. ही चाचणी माझ्या पिंजऱ्यांवर व्हावी असे मी संस्थेत उभा राहून सांगितले. दुसऱ्या कोणी हात वर केला नव्हता, हेही खरे आहे.

पहिली चाचणी फसली. आम्ही होडीतून डोहाच्या मध्यावर जातो, मी नवा पिंजरा उचलतो, तो जड लागतो, आणि आत ताटाएवढे कासव असते. मेलेले. सुताची गाठ जशीच्या तशी. मुलगी ते सूत बोटांत धरते, ओढते, वास घेते. “आजोबा, हे माझं सूत न्हाई.” मी म्हणतो, “तुझंच आहे.” ती म्हणते, “माझं पांढरं होतं. हे लाल कसं?”

मी सांगितले, बाभळीच्या सालीचे. नवीन सूत सालीच्या काढ्यात मुरवल्याशिवाय पाण्यात घालतात का कुठे?

ती म्हणाली, “पण आजोबा, ते पक्कं व्हायला न्हाई पाहिजे. कच्चं पाहिजे म्हणूनच तर आणलं!”

घरी आल्यावर तुमच्या सुनेने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. “मीच दोन दिवस साल उकळून राह्यले ना,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमाला ठाव हाय. म्हनलं, अध्यक्ष हायत.” मुलगीही मग हसू लागली. मी हसलो नाही. मला तुम्ही दिसत होता. मी सात-आठ वर्षांचा, शाळेतून आलेलो, घाईने पांढऱ्या सुतानेच पिंजरा बांधून पाण्यात सोडलेला. तुम्ही तो बाहेर काढला, गाठ बघितली आणि अख्खा पिंजरा माझ्यासमोर गुडघ्यावर मोडला. “कच्चं सूत नदीत घालतो? नदी काय तुजी मावशी हाय का, चुकलं तर पोटाशी धरील?” तेव्हापासून आजतागायत माझ्या हातून कच्चे सूत पाण्यात गेले नव्हते. चाचणी फसल्याच्या दुसऱ्या दिवशी ते घालताना माझा हात थांबला, हे मी लपवत नाही. मुलगी होडीत समोर बसली होती. तिने घाई केली नाही.

त्या पुढच्या खेपेला मी जो पिंजरा उचलला तो हलका होता. मागचे तोंड सताड उघडे, सूत तुटून दोन्हीकडे लोंबत होते आणि बांबूच्या काडीवर नखांचे पांढरे ओरखडे होते. पेंड खाऊन झाली होती. खाऊन, तोडून, निघून गेले होते. मी तो पिंजरा डोक्यावर धरून काठाला दाखवला. या वयात होडीत उभे राहू नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे, पण मी उभा राहिलो. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत कच्च्या सुताच्या एकाही पिंजऱ्यात मेलेले कासव निघाले नाही. उघड्या पिंजऱ्यातले झिंगे जात, तेवढे नुकसान होते. पण बाकीच्या पिंजऱ्यांत झिंगे जुन्या रीतीइतकेच भरत होते. दोन्हीकडचे वजन मुलगी माझ्यासमोर करत होती आणि काटा मीच धरत होतो.

मग संस्थेची सभा भरली. साहेब खुर्चीवर, मुलगी त्यांच्या शेजारी, आपली माणसे मारुतीच्या पारावर. सगळे जवळजवळ तयार झाले होते. अडले ते एकाच माणसाकडे, तुमच्या होडीवर वल्हे मारणारे आपले काका. नव्वदीला टेकले आहेत, कानाने कमी ऐकतात, पण पिंजरे अजून स्वतः टाकतात. ते काठी आपटून म्हणाले, “आठवड्याला सूत कुजनार. मंग दर आठवड्याला काय गाठीच मारत बसावं का? कामून? समुद्रातल्या मोठ्या माशासाठी? आपल्या नदीत हाय का तो? दाखवा मला!”

कोणीतरी हसले. मुलगी समजावायला उठली तर त्यांनी हात केला. “तू बस, बाई. तू लई चांगली हायस. पन तू परवा जाशील लातूरला. नदी आमची हाय.” साहेबांनी माझ्याकडे पाहिले. एकानेही मोडले तर सगळ्यांना बंद, हे त्यांना पुन्हा सांगायची गरज नव्हती. काकांचे मन वळले नाही तर त्यांच्यामागे आणखी चार घरे वळणार नव्हती, हे मला ठाऊक होते.

मी उभा राहिलो. धोतर नीट केले. आणि म्हणालो, “काका, ही रीत समुद्रावरची नाही. ही आमच्या बापूंची आहे. शेवटच्या वर्षांत ते मागची गाठ कच्च्या सुताची मारत असत. देवळाच्या दारात ज्याला आपण हात लावून पाया पडतो, ते आपल्या पिंजऱ्यात मरू नये, असे म्हणत. मी लोकांना कधी सांगितले नाही, एवढेच.”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. तुम्ही पिंजरा गुडघ्यावर मोडल्याची गोष्ट मी तिला होडीत सांगितली होती, म्हणून तिला सगळे माहीत होते. तिने मान खाली घातली आणि ओढणी सारखी केली.

काकांनी काठीच्या टोकाने मातीत रेघ ओढली. मग होकारार्थी मान हलवून म्हणाले, “हाव.” सगळे वळून पाहू लागले. “हाव, मारायचे. म्या डोळ्यानं पाह्यलं हाय. म्या त्यांच्या होडीवर व्हतो, मला न्हाई ठाव व्हनार तर कोनाला? तू तवा लहान व्हतास, तुला काय आठवतं! मीच सूत पुरवत व्हतो त्यांना.” आणि त्यांनी ठरावावर सगळ्यांच्या आधी अंगठा उठवला.

ते का बोलले हे मी त्यांना विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. आता तर ते काठावरच्या पोरांना तुमच्या गोष्टी सांगतात. तुम्ही कासवाशी कसे बोलत होता, कोणत्या रंगाचे सूत वापरत होता. गाठीला लोक बापूची गाठ म्हणतात. सहस्रकुंडाच्या धबधब्याखालच्या गावांतली माणसे ती शिकायला येतात तेव्हा मी त्यांना तुमच्या नावाने शिकवतो आणि माझा आवाज भरून येतो, तो खोटा नसतो. मुलीने जाताना मला विचारले, “आजोबा, मी अहवालात काय लिहू?” मी म्हणालो, “तू खरे ते लिही. तू शिकलेली आहेस.” तिने काय लिहिले ते मी विचारले नाही.

हा कागद पाठवण्याची सोय नाही आणि असती तरी मी पाठवला नसता. कारण वर लिहिले आहे की मजकूर खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच तो गावात कोणाच्या हाती लागता कामा नये. या कागदाच्या उलट जबानी द्यायची वेळ आलीच तर तुमच्या बाजूने साक्षीदार पुष्कळ आहेत. समक्ष हजर असलेले: तालुक्याचे साहेब, संस्थेचे सर्व सभासद, तुमची सून, जी पाराच्या मागे उभी राहून ऐकत होती आणि घरी आल्यावर मला एक शब्द बोलली नाही, लातूरची मुलगी, आणि काका, ज्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.